माहिती उपलब्ध नाही

घड्याळाचा शोध लागला तो केवळ आमच्या नानांची सोय व्हावी म्हणून, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. नाना म्हणजे धुळ्यातले माझे घरमालक. मी मूळचा चाळीसगावचा; नोकरीने उचलून धुळ्याला नेलं तेव्हा देवपुरात त्यांच्या माडीवर बिऱ्हाड केलं. खोल्या हवेशीर होत्या, नळाला पाणी यायचं, आणि पाण्याच्या आधी खालून आवाज यायचा. "नळाचे पाणी पाच मिनिटांत येत आहे. वरच्या मंडळींनी आपापल्या बादल्यांसह तयार राहावे." पहिल्या सकाळी मी दचकून कठड्याशी धावलो, तर खाली अंगणात बंडी-लेंग्यातला एक काटकुळा म्हातारा, कमरेवर हात ठेवून, आभाळाकडे बघत बोलत होता. आभाळाकडे कशासाठी, तर कर्णा नेहमी उंचावर असतो, ही सवय. नाना एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. बसस्टँडवरच्या काचेच्या खोलीत, माइकपुढे, गाड्या लावण्यात आणि सोडण्यात उभा जन्म गेला होता. नोकरी सुटली, पण माइक काही सुटला नव्हता.

खानदेशातल्या लग्नाला पत्रिकेवर छापलेल्या वेळेला जायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. नाना मात्र छापलेल्या वेळेच्या आधी हजर. एकदा मी त्यांच्याबरोबर फसलो. मुहूर्ताची वेळ झाली तेव्हा मांडवात नवरीकडची भुकेली मंडळी आणि सारखे मनगट बघणारे भटजी, एवढेच. नवरदेव मारुतीच्या पारावरून निघाला होता म्हणे, पण डीजेपुढे नाचणाऱ्यांनी घोडं जागचं हलू दिलं नव्हतं. नानांनी बराच वेळ सोसलं. मग ते उठले, मांडववाल्याच्या हातातला माइक घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, "वऱ्हाडी मंडळींनी लक्ष द्यावे. मारुती मंदिराकडून येणारा नवरदेव दीड तास उशिराने धावत आहे. ज्यांना परतीची गाडी धरायची आहे त्यांनी जेवून घ्यावे." नवरीचे वडील लालबुंद होऊन धावत आले, पण तोवर निम्मा मांडव पंगतीला बसलासुद्धा होता. वरण-बट्टी गरम असताना उठली, कुणी उपाशी परत गेलं नाही, म्हणून शेवटी त्याच गृहस्थांनी नानांच्या हातात टोपी-नारळ ठेवला. नानांना त्यात विशेष काही वाटलं नाही. उशीर होणं हा गुन्हा नाही, उशीर न सांगणं हा गुन्हा आहे, असं त्यांचं मत होतं.

पण हे सगळे निवृत्तीनंतरचे नाना. आधीचे नाना मला माईंकडून कळले. माई म्हणजे त्यांची बायको, बोलायची भारी हौस असलेली. नोकरीत असताना हा माणूस घरात मुका असायचा. दिवसभर स्टँडवर इतकं बोलायचा की घरी येताना तोंडात शब्द शिल्लक नसे. मीठ हवं असलं तर बरणीकडे बोट, पाणी हवं असलं तर तांब्याकडे बोट. नवऱ्याचा आवाज ऐकावासा वाटला की माई भाजीची पिशवी घेऊन स्टँडवर जायच्या आणि बाकावर बसून चार-दोन गाड्या ऐकून घरी यायच्या. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं. मला मात्र धड हसता आलं नाही.

निवृत्तीनंतर पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने गच्चीवर डिशची छत्री लावून दिली. तिच्या रिमोटवर एक बटण होतं. ते दाबलं की पडद्यावर आठवड्याभराच्या कार्यक्रमांची यादी उघडायची. डाव्या हाताला चॅनलचे क्रमांक, वर वेळा, मधल्या चौकटींत कार्यक्रम. नाना त्या यादीकडे बघत राहिले, आणि मग लग्नानंतर बहुधा पहिल्यांदा, आपण होऊन, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बायकोशी बोलले.

तेव्हापासून दिवेलागणीला खालून सुरू व्हायचं. "प्रेक्षकांनी लक्ष द्यावे. बाराशे चारवर सासू-सुनेची मालिका थोड्याच वेळात सुटत आहे. अकराशे वीसवर कीर्तन लागलेले आहे." क्रिकेटचा सामना लांबला तर तो घाटात अडकलेला असायचा, पावसाने थांबला तर फेरी रद्द, आणि दुपारी तेच ते भाग पुन्हा दाखवतात त्या जादा गाड्या. माई फोडणी देता देता विचारायच्या, काल त्या सुनेला घराबाहेर काढलं म्हणे, तिचं पुढे काय झालं? नाना म्हणायचे, "गाडी सुटनी का मनं काम सरनं. आतमा कोन कोनासंगे भांडस, ते माले काय माहीत?" आणि खरोखरच माहीत नसायचं. यादी वाचून झाली की ते टीव्ही बंद करत. मालिका अशी पुरती त्या दोघांनी कधी पाहिलीच नाही. ही नवीन कुठली, ती जुनी का बंद पडली, कीर्तनवाले बुवा कालचेच का, एवढ्यावर त्यांचा तासभर छान जायचा. मी वर पुस्तक उघडून बसलेला असे आणि मनातल्या मनात चरफडत असे. समोरच्या बायका मात्र नानांच्या आवाजावर कुकर लावायच्या.

या सुखाला दृष्ट लागली ती शेजाऱ्याच्या वाढीव मजल्यामुळे. मजला चढला, त्यावर पाण्याची काळी टाकी चढली, आणि टाकी बसली ती नेमकी छत्रीच्या तोंडापुढे. छत्री गच्चीच्या चारही कोपऱ्यांत फिरवून झाली, बांबूवर चढवून झाली. पडद्यावर मुंग्यासुद्धा दिसेनात. शेवटी मुलाने पुण्याहून फोनवर फर्मान काढलं, केबल घ्या. केबलवाला पप्पूभाऊ हा पोट सुटलेला, हसतमुख गृहस्थ. खांद्यावर वायरीचं भेंडोळं टाकून आला आणि चहा निवायच्या आत टीव्ही चालू करून गेला. नानांनी बाराशे चार दाबलं. तिथे काहीच लागलं नाही. सासू-सून गेली होती त्रेचाळीसला, कीर्तन सहाशे सातला, आणि बातम्यांच्या जागी एक गुजराती बाई ढोकळ्याचं पीठ भिजवत होती. फलाट बदलले म्हणून नाना खचले नसते. दुरुस्तीसाठी फलाट बदलतात, हे त्यांना मान्य होतं. पण त्यांनी यादीचं बटण दाबलं, चौकटी उघडल्या, आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक चौकटीत तेच लिहिलेलं होतं. माहिती उपलब्ध नाही. आयुष्यभर चौकशीच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाला त्याच्याच बैठकीत येऊन कुणी असं ऐकवावं, याचं मलाही वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी नाना इस्त्रीचा सदरा घालून केबलच्या ऑफिसात निघाले, सोबतीला मला घेतलं. त्यांनी रीतसर वेळापत्रक मागितलं. पप्पूभाऊंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि अगदी मनापासून विचारलं, "वेळापत्रक काबर लागस तुमले, नाना? लावा नि देखा. काही ना काही चालूच राहस." नाना पाणी न पिता उठले. रस्त्यात मात्र थांबले आणि मला म्हणाले, "म्हणजे माणसाने स्टँडवर जाऊन उभं राहायचं आणि जी येईल तिच्यात बसायचं."

मग उपाय सुरू झाले. वर्तमानपत्रांनी असली यादी छापणं केव्हाच सोडलेलं. मी मोबाइलवर यादी काढून दिली, पण ती छत्रीवाल्यांची. क्रमांक जुळेनात, आणि मधूनमधून बनियनची जाहिरात आडवी यायची. पप्पूभाऊंची स्वतःची एक वाहिनी होती. तिच्या तळाशी वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवलेली म्हैस आणि केळीचे भाव अशी पट्टी सरकत असे. नानांनी एक दिवस तीच वाचून पाहिली, पण म्हशीवर तासभर बोलण्यासारखं काही निघेना. अखेर त्यांनी वेळापत्रक स्वतःच बांधायचं ठरवलं. त्यासाठी कार्यक्रम प्रत्यक्ष बघणं आलं. सातची मालिका सातला सुरू होत नाही, आणि सुरू झाल्यावरही बराच वेळ काल काय झालं तेच दाखवते, हे पाहून त्यांनी टीव्हीला मेमो द्यायचंच काय ते बाकी ठेवलं. माईंना त्या दिवसांत रिमोटला हात लावायची परवानगी नव्हती. वेळापत्रक जवळजवळ तयार झालं, आणि पप्पूभाऊंच्या केबलवरचे सगळे क्रमांक पुन्हा एकदा बदलले.

त्यानंतर नाना बंद पडले. संध्याकाळ व्हायची, दिवे लागायचे, खालून काही यायचं नाही. वाचायला शांतता हवी म्हणून मी किती कुरकुर केली होती, पण आता शांतता मिळाल्यावर माझं पान उलटत नव्हतं. समोरच्या घरात एकदा वरण करपलं. एका सकाळी माई गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होत्या. मी मदतीला बसलो आणि सहज म्हटलं, टीव्हीचं काहीतरी करू या.

"टीवी जाऊ द्या हो भाऊ," माई म्हणाल्या. "मना घरना आवाजच गया. त्या पुन्हा बोट दाखाडाले लागनात." माईंच्या बोलीत 'त्या' म्हणजे नाना. त्यांनी एका ओल्या बिबडीच्या कडा नीट केल्या. "पहिले स्टँडवर जाईसन बठू ना मी. आते तठे भी त्या नहीत."

त्याच दिवशी मी डिशच्या दुकानात गेलो. माणूस येऊन गच्ची बघून गेला आणि म्हणाला, शेजारचा मजला पाडलात तर जमेल. ही बातमी घेऊन संध्याकाळी मी खाली उतरलो. टीव्ही चालू होता, त्याचा आवाज बंद होता. मी सांगितलं ते नानांनी मान हलवून ऐकलं आणि रिमोटने एकेक क्रमांक पुढे ढकलत राहिले. नाच झाला, बातम्या झाल्या, ढोकळेवाली बाई झाली. माईंनी आतून विचारलं, काय लागलंय. आणखी एक क्रमांक पुढे सरकला. मग त्या हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. नानांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. आवाज अगदी साधा होता, अंगणातला नव्हता.

"तुले काय देखनं शे?"

माई गोंधळल्याच. काय लागणार ते नाना रोज सांगत आले होते. काय हवं ते कधी विचारलं नव्हतं. त्या हळूच खुर्चीवर टेकल्या आणि टीव्हीकडे न बघता म्हणाल्या, "माले पिंपळनेर देखनं शे. तुमनासंगे."

पिंपळनेर म्हणजे माईंचं माहेर. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांचा भाऊ न्यायला यायचा. सणासुदीला जादा गाड्या, त्यामुळे नानांना रजा ठाऊक नाही. माई भावाबरोबर गाडीत बसायच्या, कर्ण्यातून नवऱ्याचा आवाज यायचा, साक्रीमार्गे पिंपळनेरला जाणारी गाडी सुटत आहे, आणि गाडी खरंच सुटायची. पुढे भाऊ वारला आणि न्यायला येणारं कुणी उरलं नाही. ती गाडी नानांनी हजारदा सोडली असेल, पण माईंच्या शेजारी बसून तिच्यातून ते कधी गेले नव्हते. मला वाटतं, हे त्यांच्या त्या क्षणीच लक्षात आलं. त्यांनी टीव्ही बंद केला. रिमोट बराच वेळ हातातच होता.

"गाडी कितीले शे?" माईंनी विचारलं.

नानांनी रिमोट खाली ठेवला. "व्हती ती माहीत शे," ते म्हणाले. "आते शे ती माहीत नही. सकाळले चौकशी करसू."

दोन दिवसांनी मी त्यांची पिशवी घेऊन स्टँडवर गेलो. नाना चौकशीच्या खिडकीसमोर, बाहेरच्या बाजूने, रांगेत उभे राहून नीट विचारून आले होते, तरी गाडी लागल्याची उद्घोषणा झाली तेव्हा मान तिरकी करून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिले. तोवर माईंनी गर्दीत घुसून खिडकीतून आत रुमाल टाकला होता. रुमाल टाकून जागा धरू नये, असं नानांनी जन्मभर कर्ण्यातून सांगितलं. त्यांनी एकदा काचेच्या खोलीकडे पाहिलं, आणि मुकाट्याने त्याच जागेवर जाऊन बसले. गाडी हलली. खिडकीत माई, पलीकडे नाना. नाना बोलत होते. पुढे काय काय येणार ते हाताने दाखवत दाखवत बोलत होते, आणि माई बाहेर न बघता त्यांच्याकडे बघत होत्या. गाडीच्या घरघरीत मला एक शब्द ऐकू आला नाही. फाटकातून ती वळून जाईपर्यंत नाना बोलतच होते.

आता माझी बदली जळगावला झाली आहे. अधूनमधून फोन करतो. पुष्कळदा घर बंदच असतं. कधी दोघं पिंपळनेरला, कधी यावलला नात्यात. असतात तेव्हा फोन माई उचलतात, आणि मागे नाना काहीतरी सांगत असतात. माई मध्येच मला सोडून त्यांना उत्तर देतात, मग मी धरून थांबतो. इथे माझ्या टीव्हीवर आठवड्याभराची यादी दिसते, एकही चौकट रिकामी नसते. संध्याकाळी मी ती सगळी वाचतो. वाचून झाली की ती मोठ्याने कुणाला सांगावी, हे मात्र अजून सुचत नाही.