रोवण्याला चालेल असं गाणं

माझ्या गाण्यांच्या वहीत सहा रकाने आहेत: क्रमांक, गाणं, मुलूख, वाद्य, तारे, कोणाला सुचवायचं. किराणा, बियाणं, लग्नातले आहेर, सगळ्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत, तेव्हा गाण्यांची असण्यात नवल नाही. नवल हे, की त्यातली बहुतेक गाणी अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली आहेत.

दोन वर्षांपूर्वी स्वयंपाक करताना मोबाइलवर एक छत्तीसगढी गाणं ऐकत होते. ते संपलं आणि आपोआप पुढचं लागलं. एक म्हातारी, मांडीवर बँजो. आपल्या मिरवणुकीतला बँजो नव्हे, डफाला दांडा लावून तारा ओढल्यासारखा. शब्द एकही कळला नाही, तरी मी गॅस बंद करून ऐकत उभी राहिले. का, ते आजही सांगता येत नाही.

तेव्हापासून नवीन गाणं सापडलं की नोंद करायची, आणि दर शनिवारी त्यातलं एक कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर पाठवायचं. तिरोड्याची मैत्रीण न ऐकताच अंगठा पाठवते. गोंदियाची एकदा स्पष्टच म्हणाली, "अच्छा है, पर करना क्या है इसका?" मी उत्तर लिहायला घेतलं आणि खोडलं.

यंदाच्या रोवण्यात, म्हणजे भातलावणीत, हा प्रश्न पुन्हा आला. चोरखमारा तलावाच्या पाटाचं पाणी आमच्या धानाच्या दोन बांध्यांत सोडून चिखलणी झाली होती. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, आदल्या दिवशीच उपटून पेंढ्या बांधीभर टाकल्या होत्या. टोळी एकच दिवस मिळालेली, दुसऱ्या दिवशी ती बोदलकशाकडे दुसऱ्यांच्या शेतावर ठरलेली. संध्याकाळपर्यंत दोन्ही बांध्या झाल्या नाहीत, तर उपटलेले पऱ्हे पिवळे पडणार.

टोळी अकरा बायांची. म्होरकीला सगळ्या काकी म्हणतात, मीही. पूर्वी रोवताना काकीच गाणी म्हणायची. आता दम लागतो, म्हणून टोळीनं एक लहान स्पीकर घेतलाय. त्या सकाळी स्पीकर आला, पण ज्या मोबाइलवर गाणी होती तो बांधीत उतरताना चिखलात पडला.

"बाई, तुमच्याजवळ गान्याची वही आहे म्हन्ते," काकी म्हणाली. "लावा नं एखांदं."

मला आनंद झाला, हे कबूल करते. न मागता पाठवायची सवय होती, इथे मागून घेत होत्या. मी वही उघडली आणि पाच ताऱ्यांपासून सुरुवात केली.

पहिलं व्हायोलिनचं, पळतं. वाकलेल्या बाया मागे मागे सरकत रोवतात. त्या एकदम भराभरा सरकायला लागल्या.

"पाय उचला वो, वाघ लागला मांगं!" एकजण ओरडली आणि सगळ्या हसल्या. मलाही बरं वाटलं. दहा मिनिटांनी लहान बांधीच्या कोपऱ्यातली रोपं पाण्यावर तरंगताना दिसली.

"बंद करा थे," काकी म्हणाली. "बोटभर पन खोचून नाई राहिल्या ह्या."

दुसरं पाच ताऱ्यांचं म्हणजे वाद्यच नाही, एक माणूस एकटाच गातो. ते ऐकून एक बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, मग सगळ्याच राहिल्या.

"मयतीचं हाये का हो?"

"माहीत नाही. शब्द मलाही कळत नाहीत."

"मंग आमाले कायले ऐकवून राहिल्या?"

चार ताऱ्यांची तीन लावून पाहिली. एकाला हात चालले नाहीत, उरलेल्या दोन्हींना बाया गप्पा मारायला लागल्या. अकरा वाजून गेले. लहान बांधीच अर्धी व्हायची होती, मोठीत पेंढ्या तशाच.

"राहू द्या बाई," काकी म्हणाली. "आमी मुक्यानंच करतो. होईल थेवढं होईल."

या शेवटच्या वाक्यानं मी घाबरले. पुढची पानं उलटायला लागले, तर काकीनं विचारलं, "तुमाले नाई आवडत असं आहे का एखांदं त्याच्यात?"

होतं. क्रमांक एक्केचाळीस, तारे दोन, शेरा: एकच ओळ पुन्हा पुन्हा, कंटाळा. एक माणूस म्हणतो, दहाजण उत्तर देतात, मागे जमिनीवर काहीतरी आपटल्याचा आवाज.

तिसऱ्या फेरीला अकरा हात एकदम पाण्यात गेले. पाचव्या फेरीला बाया उत्तर द्यायला लागल्या. संपलं की "लावा बाई, लावा!" थोड्या वेळानं शब्दही त्यांचेच झाले: बाईची वही वो, बाईचे तारे, बाई धुऱ्यावर उभी वो. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून एकशे चार वेळा लावलं. मोजायचीच सवय. ऊन मोहाच्या झाडांमागे गेलं तेव्हा मोठी बांधी पुरी झाली होती.

जाताना काकी म्हणाली, "असंच दुसरं पाहून ठेवजा. एकाचं किती करावं?"

शनिवारी मी एक्केचाळीस ग्रुपवर पाठवलं, रोवण्याची हकिकत लिहून. गोंदियाच्या मैत्रिणीचं उत्तर आलं: "एक ही तो लाइन है!" ती चुकली असं म्हणता येईना. मी खुर्चीवर बसून गाणं पहिल्यापासून ऐकलं आणि अर्ध्यात मलाही कंटाळा आला. दोन तारे बरोबरच होते. पण बांधी तर पुरी झाली होती. शेवटी सातवा रकाना आखला, 'कामाला चालेल का', आणि तो बसल्या बसल्या भरता येत नाही हे लगेच कळलं.

लहान बांधीचा तो कोपरा, वाघ मागे लागलेला, ओसाड राहिला होता. तिथले नांगे, म्हणजे रोपांच्या रिकाम्या जागा, भरायचेच होते. वाफ्यात उरलेले पऱ्हे उपटून घेतले, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून धुऱ्यावर ठेवला आणि वाकले. वहीतली सगळी गाणी ओळीनं लागू दिली. काहींना हात थांबला, काहींना कंबर आधी दुखली. मग एकदा लक्षात आलं, की दोन रांगा भरून झाल्यात आणि गाणं मी ऐकलेलंच नाही. म्हणजे हे चालेल, की चालणार नाही?

वही धुऱ्यावर, हात कोपरापर्यंत चिखलात. कितवं गाणं ते विसरू नये म्हणून आकडा मोठ्यानं म्हणत मी पुढची रोपं खोचली.