चव्वेचाळीस पुस्तकं आणि मामांचा गुडघा

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम मामांकडे. मामा कुणाचेच नव्हते, म्हणून सगळ्यांचेच. त्यांचा उजवा गुडघा गेलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, जिने बंद करा, नाहीतर ऑपरेशन.

पण जिने बंद कसे होणार? उत्तर-आधुनिकतेवरची चव्वेचाळीस पुस्तकं होती ना! समाजशास्त्राच्या बाई म्हणत, "आधुनिक काळ संपला, त्यानंतरचं हे युग. पुस्तकं दुसऱ्या मजल्यावर, आमच्याकडे." तत्त्वज्ञानाचे सर म्हणत, "युग कसलं? ती पाहण्याची एक दृष्टी आहे. तळमजल्यावर, आमच्याकडे." दोघंही अर्ज देत. ग्रंथपाल दोन्हींवर सही ठोकत, कारण वाईटपणा कोण घेणार? मग मामा एका सोमवारी पुस्तकं वर नेत, पुढच्या सोमवारी खाली. लिफ्टवर पाटी होती: 'फक्त प्राध्यापकांसाठी'. मला तर ती पाटी उखडून ग्रंथपालांच्या टेबलावर आपटावीशी वाटे.

"आपल्यापेक्षा ती पुस्तकंच जास्त हिंडतात," घरी मामी म्हणायच्या.

एका सोमवारी मामांनी पाटी नीट वाचली. माणसांना मनाई होती, पुस्तकांना नव्हती. त्यांनी चव्वेचाळीसही पुस्तकं ढकलगाडीवर रचली, गाडी लिफ्टमध्ये लोटली आणि बाहेर आले. आता जो बटण दाबेल, त्याच्याकडे पुस्तकं हजर! दोन आठवडे बाई खूश, सरही खूश. मामा तर चक्क शीळ घालायला लागले.

तिसऱ्या आठवड्यात दोघं एकाच वेळी लिफ्टमध्ये शिरले. आत काय जुंपली देव जाणे, पण लिफ्ट दुसऱ्या मजल्याच्या जरा खालीच अडकली. तासाभराने मेकॅनिकने दोघांना आणि गाडीला दुसऱ्या मजल्यावर ओढून काढलं आणि लिफ्टला कुलूप घातलं. तो सोमवार नेमका पुस्तकं खाली न्यायचा. मामांनी नुसता गुडघा चोळला. मग मीच फटकळपणे म्हणालो, "आज तुम्ही दोघांनीच न्या की!"

लाजेकाजेस्तव दोघांनी उचलली. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला बाई तळमजल्यावर पायरीवरच बसल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "सर, तुमचंच बरोबर. दृष्टीच आहे ती. राहू द्या खालीच."

मामांचे डोळे भरून आले. आठ वर्षांचा वाद मिटला होता.

तेवढ्यात सरांना मोठेपणा सुचला. "नाही हो बाई, तुमच्या म्हणण्यातही तथ्य आहे..."

"सर," मामा म्हणाले, "तथ्य असेल, तर ते तुम्हीच वर नेऊन ठेवा."

आणि खुर्ची ओढून ते कपाटाला पाठ लावून बसले.