गभणे सरांचा एपिसोड

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल कदाचित.

मी मोहाडीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. रोवणीच्या दिवसांत अर्धा वर्ग चिखलात असतो, म्हणून धडे रेकॉर्ड करून पॉडकास्ट सुरू केला. पोरी कानात हेडफोन खुपसून धान रोवता रोवता ऐकतात. मी त्यात घरच्या बोलीतच बोलते — आपल्या झाडीबोलीत. पाहुणेही बोलावते. पाहुणा कितीही मोठा असो, तो अडखळतो, खाकरतो, नावं विसरतो. ते सगळं मी नंतर बसून कापते. ऐकणाऱ्याला वाटतं, काय अस्खलित माणूस आहे. पाहुण्याची लाज राखायची असते, एवढी साधी रीत.

एकाची मी राखली नाही.

गभणे सर. मी भंडाऱ्याला शिकत होते तेव्हाचे आमचे इतिहासाचे प्राध्यापक. मी नाकाडोंगरीसारख्या खेड्यातून आलेली. पहिल्या वर्षाला निबंध मांडायला उभी राहिले आणि घरी बोलतो तशीच बोलले. सरांनी थांबवलं. "हे कॉलेज आहे, धानाची बांधी नाही," म्हणाले, आणि माझं ते बोलीतलं वाक्य माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं — वर्ग हसून दमेपर्यंत. पदवी हातात पडेपर्यंत मी वर्गात परत तोंड उघडलं नाही. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचा इतका राग? हो. इतका.

गेल्या वर्षी त्यांचाच फोन आला. निवृत्त होऊन वरठीला राहतात. "मुलांसाठी मलाही काही बोलू दे." मी रेकॉर्डर घेऊन त्यांच्या घरी गेले. सर बोलायला बसले आणि — शब्द सापडेनात. तासभर कागद न बघता बोलणारा हा माणूस, 'तलाव' या शब्दापाशी अडला. हाताने हवेत पाण्याचा आकार काढून दाखवत राहिला. निघताना सरांच्या पत्नी, काकू, फाटकापर्यंत आल्या.

"आता त्याईले आठवत नाही बाई. तेवढं काढून टाकशीन ना?"

"हो काकू. सगळ्यांचंच काढते."

घरी येऊन ऐकलं. कापायला बोट नेलं — आणि मागे घेतलं. खोटं काही जोडलं नाही मी, एक अक्षरही नाही. फक्त काही कापलं नाही. चुकून राहिलं का? नाही, मुद्दाम ठेवलं. आणि खरं सांगू? बरं वाटलं. पोटभर जेवल्यासारखं.

पोरांनी त्या तलावाचा तुकडा काढून स्टेटसला ठेवला. तेव्हा मला हसलेले माझे वर्गमित्र आता त्यांना हसले. गावोगावच्या शाळांतून सरांना भाषणाची बोलावणी यायची, ती थांबली. जिचं अडखळणं मी आधी एका एपिसोडात कापलं होतं, त्या विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, सरांचं काहून नाही कापलं तुमी?" मी म्हणाले, थोरामोठ्यांचं जसंच्या तसं ठेवावं.

मग सरांचा फोन आला. "अगं, हल्ली घरीदारी सगळे माझं बोलणं मध्येच तोडतात. तू काहीच तोडलं नाहीस. एवढा..." पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. मी थांबले. सुचवला नाही. शेवटी काकूंनी फोन घेतला. "म्या आयकलं बाई," एवढंच म्हणाल्या, आणि ठेवला.

एपिसोड अजून तिथेच आहे. काढायला एक बोट पुरतं. काढलेला नाही. सर हवेत पाणी काढतात, तिथे त्यांचा आवाज नाही, नुसता पंखा ऐकू येतो. मी तिथपर्यंत ऐकते. मग मागे नेऊन पुन्हा ऐकते.