झाकण उघडं ठेवून

राईस मिलमध्ये तांदूळ वर चढवणाऱ्या एलिव्हेटरची कंट्रोल पॅनेलं बनवायची, बिघडली की दुरुस्त करायची, हे आमचं भंडाऱ्यातलं काम. दुरुस्तीच्या नोंदी टीमच्या विकीवर, म्हणजे फक्त आम्हालाच दिसणाऱ्या ऑनलाइन वहीत असायच्या. मिलवाल्यांचे तेच तेच फोन येतात म्हणून सगळ्यांनी ठरवलं, विकीचीच वेबसाइट करू. मी ती केली, लिंक पाठवली आणि फोन थांबले. ऑफिसात पेढे वाटले.

तुमसरच्या मिलमधले ऑपरेटर काका हटकून रोज फोन करायचे. तेही गप्प. लोक साइटवर काय वाचतात ते एका दुपारी सहज पाहिलं. सगळ्यात वर होतं, ‘झाकण उघडं ठेवून मशीन चालवणे’.

झाकण उघडलं की एलिव्हेटर आपोआप थांबतो. तसं होऊ नये म्हणून सेन्सरवर चिकटपट्टी लावायची युक्ती त्या पानावर होती. टेस्टिंगला आम्ही ती वापरतो, पण आधी तांदूळ वर नेणाऱ्या बादल्यांचा पट्टा उतरवून. ते मात्र लिहिलेलं नव्हतं. आपल्याच माणसांना ते कशाला सांगायचं?

पान काढलं, सगळ्या मिलना मेसेज टाकला. काकांचा फोन नुसता वाजत राहिला. मग मी स्कूटी काढली. एरवी मी देवाला फारसा त्रास देत नाही; त्या दिवशी मोहाडीपासून तुमसरपर्यंत त्याची सुटका नव्हती. सारखा काकांचा हातच डोळ्यांसमोर येत होता.

मिलच्या आवाजात फोन कोणाला ऐकू येणार! काका एलिव्हेटरच्या पायथ्याशी उकिडवे बसले होते. झाकण उघडं, सेन्सरवर चिकटपट्टी, बादल्या सरसर वर चाललेल्या. पोत्याला टेकवलेल्या मोबाईलवर आधीच उघडलेलं आमचं पान अजून तसंच होतं. त्यांनी बाही वर सरकवली.

मी धावत जाऊन लाल बटण दाबलं.

“काहून बंद केली, मॅडम?”

“हात दाखवा आधी.”

त्यांनी हसत दोन्ही हात पुढे केले. कोंड्याने माखलेले, धड. मी ते उलटेपालटे करून एकेक बोट पाहिलं.

“काका, भेव नाही लागला तुम्हाले?”

“आजवर कधी उघडलं नाही मी हे झाकण, भेवानंच,” काका म्हणाले. “आता तुम्हीच लिवलं, मंग कायचा भेव?”