बसून करायचं काम
वनमालाकाकू मनाने वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. दिंडोशीच्या त्या चाळीत कुठल्याही बाईला कामाची नड असली की पहिली हाक त्यांनाच. खोट्या दागिन्यांचं काम त्या कारखान्यातून आणायच्या आणि घरोघरी वाटायच्या. गोण्या उचलणं, घासणं-धुणं धडधाकट बायकांना. पोटुशी असेल तिला मात्र मुद्दाम जोडकाम. पाटावर बसायचं, गॅसच्या बारीक ज्योतीवर तार वितळवायची आणि साखळीच्या कड्या जोडायच्या. बसून करायचं काम! केवढं कौतुक व्हायचं त्यांचं.

शेजारच्या सुनंदाने दिवस राहिल्यापासून सात महिने हेच केलं. नितेश जन्मला तो पाठीवर गाठ आणि कमरेखाली लुळे पाय घेऊन. सासूने तिथल्या तिथे निकाल दिला, हिने ग्रहणात कोथिंबीर चिरली म्हणून. सुनंदाने तो मुकाट मानला. पोरगा आता चौदा वर्षांचा आहे, हातांवर सरकत गॅलरीतून फिरतो. ग्रहण असलं की सुनंदा अजून पाण्याचा थेंब घेत नाही, दिवसभर भिंतीला टेकून बसते.

गेल्या महिन्यात आरोग्याची पाहणी करायला गंधाली नावाची मुलगी आली. दोनच गल्ल्यांत अशी चार मुलं कशी, हे ती शोधत होती. काकूच हौसेने तिला दारोदार घेऊन फिरल्या. पहिल्या महिन्यांत काय काम करायचात, असं ती प्रत्येक आईला विचारी. चौघींनी काकूंकडे हसून बघत एकच उत्तर दिलं, जोडकाम.

जिना उतरताना गंधाली म्हणाली, "काकू, त्या तारेत शिसं असतं. धुरातून अंगात जातं. त्यानेच झालं असं कोणी छातीठोक सांगणार नाही. पाणी असेल, खाणं असेल. पण शंका येतेच ना."

काकूंची झोप उडाली. काम त्यांनी त्याच दिवशी बंद केलं, ज्योतीची गॅसनळी भंगारात दिली, तरी तो जळका वास घरातून हलेना. गॅलरीत नितेशच्या सरकण्याचा आवाज आला की त्या दार लोटून घेत. गप्प बसल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळणार होतं? पण चौदा वर्षं सुनंदा न केलेला गुन्हा डोक्यावर घेऊन बसली होती, ते आता बघवत नव्हतं.

एका दुपारी तिची सासू देवळात गेलेली पाहून काकू आत शिरल्या. सुनंदा तांदूळ निवडत होती.

"कोथिंबिरीने काय होत नाय गो," काकू म्हणाल्या. मग तारेचं, धुराचं सगळं सांगितलं. "दोष लावायचाच तर मला लाव. शिव्या घाल."

सुनंदाचा हात थांबला. तिने थोबाडीत मारली असती तरी त्यांना हलकं वाटलं असतं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "तुम्ही तर आराम कर म्हणत होतात. काम द्या म्हणून मीच हट्ट धरला. म्हणजे चूक माझीच ना?"

काकू नाही नाही म्हणत तिचा हात धरून बसल्या. सुनंदा ऐकतच नव्हती.