एका ओळीपुरता गप्प

शिक्रापूरच्या चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात बायोडाटा करून देणारा माणूस प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचत टाइप करतो. बाहेर ट्रकचे हॉर्न वाजायला लागले की आवाज आणखी चढवतो. चूक राहू नये म्हणून, असं त्याचं म्हणणं. पण आपले दहावीचे टक्के मागच्या सगळ्या रांगेला कळतात.

त्या दिवशी मी सांगितलं, "तीन वर्षं कंपनीत, कायम कामगार."

त्याची बोटं थांबली. "कायम? का ठेकेदाराकडं व्हता?"

रांगेत माझ्याच ठेकेदाराची दोन माणसं उभी होती. तरी मी म्हणालो, "कायम."

त्यानं वर न बघता कीबोर्ड माझ्याकडं फिरवला. "मग एवढी ओळ तुमच्या हातानं टाका. मी न्हाई टाकायचा."

मी एका बोटानं टाकली.

त्या कागदावर नोकरी काही लागली नाही. अजूनही दोन-तीन महिन्यांनी मी नवी प्रत काढायला जातो. छापण्याआधी तो पहिल्यापासून मोठ्यानं वाचत येतो, त्या ओळीपाशी आला की गप्प होतो, आणि सगळी रांग माझ्याकडं बघते.