मीठ मारलेला बर्फ

शिंगाळा माशाचा काटा वडिलांच्या डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटात घुसला तेव्हा त्यांना ते कळले नाही. चपलेत रक्त दिसल्यावर कळले. मालवणच्या बंदरावर चाळीस वर्षे मासळीचा व्यापार केलेल्या माणसाला काटा लागणे ही बातमी नव्हे. तो लागल्याचे न कळणे ही बातमी होती. मधुमेहाने पायाची जाणीव बोथट होते, असे डॉक्टर त्यांना अनेक वर्षे सांगत होते आणि ते दर वेळी मान हलवून ऐकत होते.

दहा दिवसांत बोट काळसर झाले. दसरा नुकताच होऊन गेला होता. कुडाळच्या सर्जनने जखम साफ केली आणि मुदत दिली. "तीन आठवडे बघू. साखर खाली आली तर भरेल. नाही आली तर हे बोट काढावं लागेल. उगाच थांबलो तर पुढे पाऊल जाईल."

वडिलांनी विचारले, "काढलं तर होडीत चढता येईल का?" दवाखान्यात ते शुद्ध मराठी बोलत.

"चढाल. पण तोल सांभाळायला पुन्हा शिकावं लागेल."

परतीच्या एसटीत वडिलांनी पाय समोरच्या सीटखाली सरळ ठेवला होता आणि कसालपर्यंत ते त्याच्याकडे बघत होते.

मी त्या वर्षी मुंबईतल्या दैनिकातली उपसंपादकाची नोकरी सोडून घरी राहत होते. त्यामुळे आजारपणाचा कारभार माझ्याकडे आला.

तोवर ते दोन वेळा जेवणानंतर मधुमेहाची गोळी घेत. ती आता पुरेना, म्हणून आमच्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केले. त्यांनी प्रकार समजावून सांगितले. एक झटपट काम करणारे, जेवणाआधी घ्यायचे, दोनचार तासांत जोर ओसरणारे. एक संथ, दिवसभर थोडे थोडे पुरणारे. आणि एक मिश्र, त्यात दोन्ही. वडिलांना मिश्र मिळाले. सकाळी चौदा युनिट, रात्री दहा, दोन्ही वेळा जेवणाच्या अर्धा तास आधी, पोटावर.

औषधाच्या दुकानात पहिली अडचण आली. वडिलांनी बाटली उजेडात धरली आणि नासकी समजून परत काउंटरवर ठेवली.

"ही कुसली हा. दुसरी दी."

दुकानदार म्हणाला, "काका, ती तशीच असता. दुधासारखी."

"माका शिकवतस? डोळो पांढरो झालो काय मासो गेलो."

"ह्यो मासो नाय, काका. जी बाटली साफ दिसाक व्हयी ती येगळी. हिका हातात लाटूची, हलवूची नाय, मगे घेवची."

वडिलांनी दुसरी बाटली मागून बघितली. तीही पांढरी होती. मग त्यांनी पहिलीच घेतली.

टोचायचे काम आईकडे आले. तिने मोसंब्यावर सराव केला. वडील मोसंब्याकडे बघून म्हणाले, "ह्याची साखर तरी उतारतली." आईने त्यांना सदरा वर धरायला सांगितले आणि टोचले. त्यांना कळले नाही, आणि कळले नाही याचे दोघांनाही बरे वाटले.

दुसऱ्याच दिवशी वारा आला, वायरी गावाच्या रस्त्यावरचे खांब पडले आणि तीन दिवस वीज नव्हती. फ्रिज बंद पडला. इन्सुलिन थंड राहिले पाहिजे, हे बाटलीच्या खोक्यावर लिहिले होते. आई काळजीत पडली. वडील पडले नाहीत. थंड ठेवणे हा त्यांचा विषय होता.

मागच्या पडवीत त्यांची थर्माकोलची पेटी होती. बर्फ फोडून थर लावायचा, त्यावर खडेमीठ मारायचे, मग माल, मग पुन्हा बर्फ आणि मीठ. मिठाने बर्फ नुसता थंड राहत नाही, आणखी थंड होतो. अशा पेटीत रात्री ठेवलेला बांगडा सकाळी दगडासारखा निघतो. इन्सुलिनची बाटली त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मधल्या थरात ठेवली. वीज आल्यावर आईने ती फ्रिजमध्ये न्यायचे म्हटले.

"फ्रिज गार आसा," वडील म्हणाले. "थंड नाय. तां तुझ्या दुधाक ठीक."

बाटली पेटीतच राहिली. टोचण्याआधी तासभर ती बाहेर काढून ठेवायची, असा नियम झाला. वडील तो घड्याळ लावून पाळत.

साखर मात्र उतरली नाही. पहिल्या आठवड्याअखेर उपाशीपोटी दोनशे साठ. डॉक्टरांनी युनिट वाढवली: अठरा आणि चौदा. चार दिवसांनी दोनशे ऐंशी. पुन्हा वाढवली: चोवीस आणि अठरा. बोटाचा रंग बदलला नव्हता. वडील रोज सकाळी पट्टी सोडताना ते बघत आणि कोणालाही काही न विचारता पुन्हा बांधत.

डॉक्टर मला फोनवर म्हणाले, "इतकं इन्सुलिन घेऊन साखर अशी राहत नाही. खाण्यात काही चालू आहे का, बघा."

दिवाळी जवळ आली होती. आईने लाडवाचे डबे कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. वडिलांचा भात अर्धा केला, भाकरी अर्धी केली.

"तुमी भायर काय खातात तां सांगा," ती म्हणाली.

"काय खानय नाय."

"मगे साखर काय वाऱ्यान येता?"

"तुझ्या तोंडातसून येता काय बघ. नाय, तेच्यात तर साखर नाय."

मी बातमीदारीच्या पद्धतीने चौकशी केली. वडिलांच्या रोजच्या वाटेवर तीन ठिकाणे होती: जेटीजवळचे चहाचे दुकान, बाजारातली बेकरी आणि आतेचे घर. तिन्हीकडे स्वतंत्रपणे विचारले. चहावाला म्हणाला, काका बिनसाखरेचा घेतात. बेकरीवाल्याने बघितलेच नाही म्हणून सांगितले. आते रडायला लागली आणि म्हणाली, माझ्या भावाला तुम्ही उपाशी मारताय. तिघांनी इन्कार केला याचा अर्थ मी असा घेतला की तिघे त्यांना पाठीशी घालत आहेत. संध्याकाळी मी वडिलांना तसे सांगितले.

त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "तू माझ्या पाठसून लोकांका इचारीत फिरलंस?"

"बोट जाताला, बाबा."

"माझा बोट माका म्हायत आसा," ते म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

चौदाव्या दिवशी बाटली संपली. दुसऱ्या सकाळी दुकान उघडल्याबरोबर मी नवी आणली. वडील न्याहारीसाठी थांबले होते, म्हणून ती पेटीत गेली नाही. आईने तिथेच हातात लाटली, चोवीस युनिट टोचले आणि अर्ध्या तासाने अर्धी भाकरी वाढली. वडील जेटीवर गेले.

अकराच्या सुमारास चहावाल्याचा फोन आला. काका घामाने भिजले आहेत, हात कापतायत, बोलणे नीट नाही. मी ग्लुकोमीटर घेऊन मोटरसायकलवर गेले. ते बाकड्यावर भिंतीला टेकून बसले होते. साखर बावन्न होती.

ज्या माणसापासून आम्ही इतके दिवस साखर लपवत होतो, त्याला मी स्वतः चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. त्यांनी ग्लास रिकामा केला, ओठ पुसले. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली तेव्हा अठ्ठ्याण्णव होती आणि त्यांची जीभ सुटली होती.

"आता तुझ्या आवशीक सांग, तुया माका साखर दिलंस म्हणान."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. माणूस तोच, युनिट तेवढीच, जेवण उलट कमी. काल तीनशे आणि आज बावन्न. बदलली ती फक्त बाटली. डॉक्टरांनी विचारले, "आधीची बाटली ठेवत कुठे होता?"

मी फोन वडिलांकडे दिला. ते बाकड्यावर ताठ बसले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "बर्फात. मीठ मारून."

मग डॉक्टरांनी सांगितले ते असे. इन्सुलिन एकदा गोठले की मरते. पुन्हा पातळ झाले तरी जिवंत होत नाही. म्हणजे वडील जवळजवळ दोन आठवडे पांढरे पाणी टोचून घेत होते, आणि त्याचा उपयोग होत नाही म्हणून आम्ही पाणी वाढवत होतो. आज पहिल्यांदा खरे इन्सुलिन गेले, तेही वाढवलेल्या मापाने आणि अर्ध्या भाकरीवर. युनिट पुन्हा चौदा आणि दहा. सुरू असलेली बाटली फ्रिजच्या दारात ठेवा. वीज गेली तर पाण्याच्या मडक्याशेजारी सावलीत चालेल. बर्फाला लावायची नाही.

घरी आल्यावर वडिलांनी जुनी बाटली मागितली. तळाशी सुईत न येणारे थोडे उरले होते. त्यांनी ती खिडकीत धरून फिरवली. काचेला आतून पांढरे कण चिकटले होते, नव्या बाटलीला तसे नव्हते. दोन्ही बाटल्या त्यांनी बराच वेळ शेजारी शेजारी धरल्या.

"चाळीस वर्सां," ते म्हणाले. "एकान म्हणाक नाय, माल कुसलो म्हणान."

आई म्हणाली, "कुसलो नाय. गोठलो."

"तांच गो तां." त्यांनी जुनी बाटली ठेवून दिली आणि नवी स्वतः फ्रिजच्या दारात नेऊन ठेवली, दुधाच्या शेजारी.

पुढच्या सहा दिवसांत उपाशीपोटी साखर एकशे तीसवर आली. एकविसाव्या दिवशी सर्जनने पट्टी सोडली, बोट दाबले, दिवा जवळ घेऊन बघितले आणि म्हणाले, "राहू द्या." नख गेले ते गेलेच. बोट राहिले. वडिलांनी दवाखान्याच्या पायरीवर त्या पायावर भार देऊन बघितला, एकदा, दोनदा, मग खाली उतरले.

एसटीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली. कट्टा गावाच्या पुढे गेल्यावर म्हणाले, "तिगांकडे जावन सांग. जसा इचारलंस तसाच सांग. मी खाल्लंय नाय म्हणान."

मागणी रास्त होती. वर्तमानपत्रात चूकदुरुस्ती आतल्या पानावर बारीक टायपात जाते. इथे ती सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तिन्ही ठिकाणी गेले. आतेने चहा दिला आणि पुन्हा रडली. बेकरीवाल्याला मी आधी काय विचारले होते तेच आठवत नव्हते. चहावाल्याला मी सगळे सांगितले: बाटली, बर्फ, मीठ, वडिलांचा दोष नव्हता, माझी चौकशी चुकली.

त्याने ग्लास विसळता विसळता ऐकून घेतले आणि सुस्कारा सोडला.

"बरां झाला बाय. म्हणजे काका दर बुधवारी खाजो खाईत, तां धरूचा नाय मा? तेंनी शपथ घातल्यानी म्हणान बोलूक नाय."

"किती?"

"दोनच तुकडे. गूळ-आल्याचे."

घरी वडील पडवीत पेटी धूत होते. त्यांनी वर न बघता विचारले, "सांगलंस?"

"सांगलंय."

"काय म्हणालो?"

"बरां झाला म्हणालो."

त्यांनी पेटी उन्हात उलटी ठेवली. आई आत होती आणि किल्ली अजून तिच्या कमरेला होती. पुढच्या बुधवारी मी अकरा वाजता जेटीवर जाऊन बाकड्यावर बसले. वडील आले, मला बघितले, आणि बिनसाखरेचा चहा मागवला. चहावाल्याने तो दिला आणि खाज्याच्या बरणीवर फडके टाकले.